सावंतवाडीहून एका दिवसात चहाचे मळे बघून येता येईल का?

नाही हो, कोकणात चहाचे मळे नाहीत. चहाला पाऊस वर्षभर थोडाथोडा लागतो. आपल्याकडे चार महिने धो-धो आणि मग ठणठणाट. मळेच बघायचे तर केरळातलं मुन्नार: कोकण रेल्वेने एर्नाकुलम, पुढे रस्त्याने सुमारे १३० किमी. एका दिवसाचं काम नव्हे.

नुसतं हिरवंगार हवं असेल तर जुलैत सकाळी लवकर आंबोलीची वाट धरा, जेमतेम ३० किमी. खाली खाचरांत लावणी चालू असते. पावसात डोक्यावर घ्यायची बांबू-पानांची इरली आता क्वचित. डोक्यावर निळं प्लास्टिक घेऊन बायका चिखलात वाकलेल्या दिसतात. रविवार टाळा, धबधब्यापाशी जत्रा असते. आणि चहाची पात खुडायची हौस असेलच, तर परसातला गवती चहा आहेच की!