‘मला आश्रय देऊ नका’

सप्रेम नमस्कार,

तुझं भाषांतर वाचून झालं. चांगलं उतरलंय. फक्त ती तरुण डॉक्टर वरिष्ठांवर चिडून म्हणते, ‘मला आश्रय देऊ नका’, तिथे मी थबकलो आणि मग मोठ्यानं हसलो. हसल्याबद्दल माफी, या शब्दावर मीही आपटलोय. मूळ इंग्रजी क्रियापद ‘पॅट्रनाइझ’. कोशात ‘आश्रय देणे’ दिसलं, तू ते उचललंस. कोश खोटा नाही, पण या शब्दाला मोठा पूर्वेतिहास आहे.

त्याच्या मुळाशी बाप आहे. लॅटिनमधला ‘पातेर’ हा संस्कृत ‘पितृ’चा भाऊबंद. त्यावरून ‘पात्रोनुस’. प्राचीन रोममध्ये दुबळी माणसं, मुक्त केलेले गुलाम ज्याच्या छायेत राहत, तो बडा माणूस म्हणजे पात्रोनुस. तो त्यांच्या बाजूनं न्यायालयात उभा राही. ते सकाळी सकाळी त्याच्या दारात हजेरी लावत. आश्रिताला फसवणारा पात्रोनुस शापित ठरेल, असं कलम रोमच्या सर्वांत जुन्या लिखित कायद्यातच होतं. म्हणजे बंधन दोघांवर होतं, पण वर कोण आणि खाली कोण, यात संशय नव्हता. (गंमत म्हणजे ‘पॅटर्न’ हा मूळचा हाच शब्द. ज्याचा कित्ता गिरवायचा तो मोठा माणूस, त्यावरून नमुना.)

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे क्रियापद इंग्रजीत आलं, तेव्हा त्याचा अर्थ पाठीशी उभं राहणं, एवढाच होता. डंख, म्हणजे वरच्या पायरीवरून उपकार केल्यासारखं वागवणं हा अर्थ, नंतर आला. तो कुठून आला असावा, हे इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनच्या उदाहरणावरून कळतं. १७४७ साली त्यानं आपल्या शब्दकोशाचा आराखडा आश्रयाच्या आशेनं लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या सरदाराला उद्देशून छापला. लॉर्डसाहेबांनी पुढे वर्षानुवर्षं विचारपूस केली नाही आणि कोश पुरा होत आल्यावर मात्र स्तुतीचे दोन लेख लिहिले. ७ फेब्रुवारी १७५५ रोजी जॉन्सननं त्यांना पत्रातून विचारलं: माणूस पाण्यात जिवाच्या आकांतानं हातपाय मारत असताना जो निवांत बघत राहतो आणि तो काठाला लागल्यावर मदतीचं ओझं अंगावर टाकतो, तोच ना आश्रयदाता? त्याच वर्षी निघालेल्या कोशातही ‘पेट्रन’ची, म्हणजे आश्रयदात्याची, व्याख्या देताना त्यानं जोडून टाकलं की हा बहुधा उर्मटपणे आधार देणारा आणि मोबदल्यात खुशामत घेणारा नीच इसम असतो. कोशात राग काढायची सोय सगळ्यांना कुठली!

क्रियापदाचा टोचरा अर्थ त्याच शतकाच्या शेवटी दिसू लागला. मला वाटतं, देणाऱ्याचा शब्द घेणाऱ्याच्या तोंडी गेला आणि तिथे तो फिरला. म्हणून आधी बघ, वाक्य कोण बोलतंय. सरदारानं संगीतकाराला ‘पॅट्रनाइझ’ केलं, तर आश्रय दिला. एखाद्या दुकानाला कुणी ‘पॅट्रनाइझ’ करत असेल, तर तो तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक, बस.

तुझी डॉक्टर मात्र खालच्या पायरीवरून बोलतेय. ‘मला तुच्छ लेखू नका’ असंही लिहू नकोस. कोशात तेही सापडेल, पण वरिष्ठांचा आवाज तर मधासारखा आहे. ते ‘छान प्रयत्न हं’ म्हणून तिची पाठ थोपटताहेत, आणि तिला झोंबतंय ते तेच. तुच्छतेत गोडवा नसतो. इथे सगळा अपमान गोडव्यातच आहे. मी लिहिलं असतं, ‘मी लहान मूल नाही, असं समजुतीच्या सुरात बोलू नका.’ लांब वाटलं तर ‘उपकार केल्यासारखं बोलू नका’ चालेल, पण त्यात पाठ थोपटणारा हात दिसत नाही. मला पहिलंच आवडतं.

ते पान पुन्हा पाठव. आणि या पत्रातही कुठे तो सूर लागला असेल, तर त्या ओळीखाली रेघ मारून हे पत्रही परत पाठव.

तुझा,
एक जुना भाषांतरकार