मॅट ओलं, काच धुरकट आणि मेकॅनिक म्हणतो बायपास करून टाका

प्रश्न : नमस्कार सर, माझी 2007 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1 लाख 40 हजार किमी झालेत, वडिलांनी घेतलेली म्हणून विकायची नाहीये. महिनाभर गाडीत गोडसर वास येतोय, पाक करपल्यासारखा. सकाळी ब्लोअर लावला की समोरची काच आतून धुरकट होते, पुसली की चिकट डाग राहतो. डाव्या बाजूचं मॅट ओलं असतं. एक जण म्हणतो एसीचं पाणी आहे, दुसरा म्हणतो हीटर कॉइल गेली, आपल्याकडे कुठे हीटर लागतो, ती वगळून बायपास करू, नाहीतर रेडिएटरमध्ये हळद टाका. दर आठवड्याला अर्धा लिटर कूलंट जातंय. मागच्या सीटवर आमचा कुत्रा असतो. पुढच्या आठवड्यात कसारा घाटातून मुंबईला जायचंय. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी हळदीचं बोलतो, कृपा करून टाकू नका. हळद काय किंवा लीक बंद करायची पावडर काय, ती भोक शोधून तिथेच जाऊन बसत नाही, जिथे वाट अरुंद तिथे साचते, म्हणजे रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि उद्या नवीन टाकाल तो हीटर कोर (तुमचा मेकॅनिक म्हणतो ती हीटर कॉइल), दोन्ही चोक.

आता पाणी कुठलं ते बघा. एसीचं पाणी गार, बिनवासाचं, आणि एसी चालवला तरच येतं. तुम्ही दोन दिवस एसी न लावता गाडी चालवा आणि मग मॅटखाली पांढरा टिश्यू दाबून धरा, हिरवट किंवा लालसर डाग आला, बोटांना तेलकट-चिकट लागलं तर ते कूलंटच. तुमचा वास, काचेवरचा थर आणि आठवड्याला अर्धा लिटर, यावरून मला तरी कोरच वाटतोय, पण खात्री प्रेशर टेस्टने करा. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून कॅपवर लिहिलंय तेवढंच प्रेशर द्यायचं आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच थेंब नाही, मॅट मात्र भिजतंय, तर मग डॅशबोर्ड खोलायला हरकत नाही.

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला वहीएवढा रेडिएटर. इंजिनचं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. वस्तू फार महाग नसते हो, पण तिथवर पोचायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दिवसभराचं काम, म्हणून लेबर पार्टपेक्षा जास्त लागतं. आणि म्हणूनच माझं म्हणणं असं की डॅशबोर्ड एकदाच उघडायचा. मी माझ्या जुन्या गाडीचा कोर बदलला तेव्हा होज पाइप बरे दिसतायत म्हणून तेच ठेवले, चार महिन्यांत त्यातला एक कोरच्या तोंडाशी फाटला आणि सगळं परत खोलावं लागलं. त्यामुळे दोन्ही होज, क्लिपा, ओ-रिंग नवीन घ्या, आणि कोरभोवतीची फोमची पट्टीसुद्धा, ती नसली तर हवा कोरच्या बाजूने निसटते आणि नवा कोर असून गरम हवा येत नाही.

जुना होज ओढून किंवा पिळून काढू देऊ नका. वर्षानुवर्षं चिकटलेला असतो आणि कोरची नळी मऊ असते. कटरने उभी चीर द्यायची आणि साल काढल्यासारखा सोलायचा. तुमच्या गाडीत एअरबॅग असेल तर सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून किमान दहा मिनिटं थांबायचं, यात घाई नको. बऱ्याच गाड्यांत एसीची कूलिंग कॉइल पण त्याच डब्यात असते, तो डबा बाहेर काढायचा असेल तर गॅस आधी मशिनने काढून घ्यायला सांगा, हवेत सोडून द्यायचा नाही. आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, स्क्रू इडलीपात्राच्या वाट्यांत वेगवेगळे ठेवा, प्रत्येकाची लांबी वेगळी असते आणि चुकीच्या जागी लांब स्क्रू गेला तर मागची वायर चिरडतो.

नवीन कोर बसवण्याआधी सिस्टिम फ्लश करा. गाडीने बोअरचं पाणी प्यायलं असेल तर आत खपली असणारच, आणि कूलंटमधले गंज रोखणारे घटक संपले की आतून धातू खायला सुरुवात होते. पुढे फक्त मॅन्युअलमध्ये दिलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. रंग बघून कूलंट घेऊ नका, रंग कंपनीनुसार बदलतो. भरताना गाडीचं तोंड चढावर, हीटरचा नॉब फुल हॉटवर, थंड इंजिनवर कॅप उघडी ठेवून गाडी चालू करायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहायचं. डॅशबोर्डमागून गुडगुड आवाज आला म्हणजे आत अजून हवा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल परत बघा.

कुत्र्याचं मात्र आजच मनावर घ्या. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडं पोटात गेलं तरी किडन्या जातात. मॅट काढून धुवा, खालचा फोम उन्हात पूर्ण वाळवा, आणि काम होईपर्यंत त्याला गाडीत घेऊच नका. चाटल्याची शंका जरी आली तरी उलटी वगैरेची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे. गॅरेजमध्ये काढलेलं कूलंटही उघड्या टबात ठेवू देऊ नका.

राहिला पुढचा आठवडा. तेवढ्यापुरता बायपास चालेल, पण होजची तोंडं बूच मारून बंद करायची नाहीत, दोन्ही होज एकमेकांना जोडायचे, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅटकडे (कूलंट तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) जाणारं कूलंट याच वाटेने फिरतं. एक लक्षात ठेवा, घाटात इंजिन तापलं की हीटर फुल लावून उष्णता काढतात तो उपाय बायपासमध्ये मिळणार नाही. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, वर सरकायला लागला की एसी बंद करून सुरक्षित जागी थांबा, आणि गाडी निदान अर्धा तास थंड होईपर्यंत कॅपला हात लावू नका.