वॉशिंग्टनच्या हेल्थ पॉलिसी संस्थेत शेजारच्या टेबलावर कोण बसतं?

तुमच्या पत्राचा गोषवारा बाकीच्यांसाठी आधी देतो. पीएसएममध्ये (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्रात) एमडी, आठ वर्षं सरकारी नोकरी, आता अमेरिकेत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून वॉशिंग्टनमधल्या एखाद्या ना-नफा हेल्थ पॉलिसी संस्थेत काम करायचा विचार. तिथे माणसं कशी असतात, डॉक्टरला काही किंमत आहे का, व्हिसा देतात का, आणि नवऱ्याला नोकरी करता येईल का, हे तुमचे चार प्रश्न. मी याच वाटेने आलो आणि अशाच एका संस्थेत माझं नववं वर्ष चालू आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढे लिहिणार आहे ते सगळंच कौतुकाचं नाही.

डॉक्टरकीचं आधी उरकतो. आमच्याकडे चाळीसेक माणसं, त्यांत डॉक्टर दोघं: मी आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या एक बालरोगतज्ज्ञ. डॉक्टर म्हणून इथे कुणी खुर्ची पुढे करत नाही. सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, संस्थेच्या प्रमुखांनाही. धोरणाच्या कामाला यूएसएमएलई (इथली डॉक्टरी परवान्याची परीक्षा) लागत नाही, पण ती आणि पुढची रेसिडेन्सी केल्याशिवाय साधारणपणे पेशंटही तपासता येत नाही. पहिलं वर्षभर माझे हात शिवशिवायचे. हौसेने आणलेला स्टेथोस्कोप अजून कपाटात आहे.

तुमची आठ वर्षं वाया जात नाहीत, पण ती उपयोगी पडतात ती भलत्याच ठिकाणी. नियम लिहिणाऱ्याला वाटतं, फॉर्म भरणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. ज्याने स्वतः रजिस्टरं भरलीत आणि रांगेतून परत गेलेली माणसं बघितलीत, त्याला माहीत असतं की योजना नेमकी कुठल्या कागदापाशी अडते. ती नजर इथे कमी जणांकडे आहे. मुलाखतीत ते सांगा, सुवर्णपदक नको.

मग बाकीचे कोण? संख्येने सगळ्यात जास्त ती रिसर्च असिस्टंट मंडळी, बावीस-तेवीस वर्षांची. दोन वर्षं राबतात आणि लॉ स्कूलला किंवा पीएचडीला निघून जातात. प्रत्येक आकडा मूळ स्रोताशी पडताळून पाहणं त्यांच्याकडे असतं, त्यामुळे वयाने निम्मी असलेली मुलगी तुमचं वाक्य खोडणार, हे गृहीत धरा. मग वकील. आमच्या एक वकीलबाई मेडिकेडचे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे, नियम कोळून प्यायल्यात. फेडरल रजिस्टरमध्ये (सरकारी राजपत्रात) तीनशे पानांचा नवा नियम संध्याकाळी आला तर सकाळी त्यांचा चार ओळींचा मेल तयार असतो. आणि ‘हिल’वरून आलेले, म्हणजे काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) कुठल्यातरी समितीत पूर्वी काम केलेले लोक. विधेयक छान आहे की नाही यावर ते वाद घालत बसत नाहीत. सीबीओने (काँग्रेसच्या बजेट कार्यालयाने) त्याचा खर्च किती धरला आणि मतं किती आहेत, एवढं विचारतात. ‘डेव्हलपमेंट’ नावाचा विभागही असेल; त्याचा विकासाशी संबंध नाही, देणग्या आणि ग्रँट मिळवणारे ते लोक. त्यांच्याशी गोडीत राहा, तुमचा पगार तिथूनच येतो.

पण मी खरा शिकलो आमच्या डेटावाल्यांकडून. अर्थशास्त्रातले पीएचडी, दिवसभर कानाला हेडफोन आणि समोर स्टाटा हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर. पहिल्याच महिन्यात मी एका मसुद्यात लिहिलं होतं की विमा नसलेल्यांचं प्रमाण १० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं, म्हणजे २ टक्क्यांनी घटलं. कागद परत आला तो पेन्सिलीचं वर्तुळ घेऊन. समासात एवढंच: ‘२ की २०?’ दहाचे आठ झाले तर घट वीस टक्क्यांची. दोन म्हणायचं असेल तर ‘पर्सेंटेज पॉइंट’ म्हणायला हवं. मी म्हटलं, वाचणाऱ्याला कळतंच की. ते म्हणाले, विरोधातल्या माणसालाही कळतं. तो फक्त हे एक वाक्य उचलेल आणि उरलेली चाळीस पानं कुणी वाचणार नाही. दर सप्टेंबरात जनगणना ब्यूरो विम्याचे वार्षिक आकडे जाहीर करतो (२०२४ साली सुमारे ८ टक्के लोकांकडे कुठलाच विमा नव्हता), त्या सकाळी आमच्या ऑफिसात आवाज असतो तो फक्त कीबोर्डचा.

दुसरा धडा लाँगवर्थ बिल्डिंगच्या, म्हणजे खासदारांची ऑफिसं असलेल्या इमारतीच्या, कॉरिडॉरमधला. बारा पानांचा अहवाल घेऊन मी एका खासदाराच्या सहायकाला भेटायला गेलो. चोवीस वर्षांची मुलगी, हातात कॉफी, बसायला जागा नाही म्हणून उभ्याउभ्याच. मी देशाचं चित्र रंगवायला लागलो. तिने विचारलं, “आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये किती?” माझ्याकडे तो आकडा नव्हता. भेट तिथेच संपली. प्रतिनिधीगृहाचे ४३५ मतदारसंघ आणि जनगणना ब्यूरोच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेमधून प्रत्येकाचे अंदाज निघतात, हे मला माहीत होतं; काढून न्यायचं सुचलं नव्हतं. आता एकच पान नेतो आणि त्या मतदारसंघाचा आकडा पहिल्या ओळीत असतो.

संस्था निवडताना सगळ्यांना एका माळेत ओवू नका. केएफएफ (पूर्वीची कैसर फॅमिली फाउंडेशन) संशोधन, जनमत चाचण्या आणि पत्रकारिता करते, कुठल्या बाजूची वकिली करत नाही. जुन्या नावातल्या कैसरमुळे अनेकांना ती कैसर पर्मनंटे या विमा आणि हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थेची वाटते, तसं नाही. सेंटर ऑन बजेट अँड पॉलिसी प्रायॉरिटीज ही १९८१ पासूनची. आकडे पक्के, पण भूमिका उघड, गरिबांच्या योजनांच्या बाजूची. फॅमिलीज यूएसए तर सरळ चळवळीच्या अंगाची. न्यूयॉर्कचा कॉमनवेल्थ फंड (१९१८) आणि प्रिन्स्टनचं रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन मुख्यतः पैसे देणारे. तिथल्या प्रोग्रॅम ऑफिसरचा दिवस दुसऱ्यांचे प्रस्ताव वाचण्यात जातो. तुमचा स्वभाव यातल्या कुठे रमेल ते आधी ठरवा. मला भूमिका घेतल्याशिवाय करमत नाही, आणि केएफएफसारख्या ठिकाणी मी सहा महिन्यांत घुसमटलो असतो.

भूमिका घ्यायलाही कुंपण आहे. ५०१(सी)(३), म्हणजे आमच्यासारख्या करमुक्त ना-नफा, संस्थेला निवडणूक प्रचाराला पूर्ण मनाई, आणि लॉबिंगला मर्यादा. खर्चावर आधारलेला पर्याय स्वीकारला तर पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपासून हिशेब सुरू होतो आणि संस्था कितीही मोठी असली तरी वर्षाला १० लाख डॉलरच्या वर जाता येत नाही. म्हणून आम्ही टाइमशीटवर पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशेब लिहितो: ‘मेडिकेडची माहिती दिली’ वेगळं, ‘या विधेयकाला नाही म्हणा असं सांगितलं’ वेगळं. सुरुवातीला हसू येतं, नंतर सवय होते.

इथे जन्मलेल्यांना न शिकवता माहीत असलेली गोष्ट तुम्हाला मुद्दाम शिकावी लागेल: मेडिकेड ही एक योजना नाही. कायदा १९६५ चा, पण प्रत्येक राज्याचं तंत्र निराळं. २०१० च्या आरोग्य कायद्याने (‘ओबामाकेअर’) दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या प्रौढांना तिच्यात घेतलं, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. आज ४० राज्यांनी आणि वॉशिंग्टन डीसीने तो केलाय, १० राज्यांनी नाही. एकट्या माणसासाठी २०२५ मध्ये ती सीमा वर्षाला साधारण २१,६०० डॉलर. जुलै २०२५ च्या कायद्याने या विस्तारातल्या बहुतेक प्रौढांवर महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम गोष्ट केल्याचं दाखवण्याची अट घातली. राज्यांना ती १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे. पुन्हा तोच फॉर्म, तीच रांग. तुमच्या आठ वर्षांचं मी वर म्हणालो ते यासाठीच. एमपीएचच्या पहिल्या सत्रातच एक राज्य धरा आणि त्याचं मेडिकेड आतून-बाहेरून समजून घ्या.

आता व्हिसा. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, संख्या मर्यादित म्हणून लॉटरी. ‘नॉनप्रॉफिट आहे म्हणजे एच-१बीची लॉटरी नाही’ हे अर्धसत्य आहे. लॉटरीतून सूट विद्यापीठांना, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना आणि ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्थांना. जानेवारी २०२५ पासून व्याख्या थोडी सैल झाली, संशोधन हे संस्थेचं एक मूलभूत काम असलं तरी चालतं. पण निव्वळ वकिली करणारी संस्था त्यात सहसा बसत नाही, आणि सूट असलेल्या संस्थेतून बाहेरच्या कंपनीत जायचं म्हटलं की लॉटरी आलीच. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. आमच्यासारखी संस्था तेवढे पैसे भरणं शक्य नाही. म्हणजे थेट भारतातून नोकरी मिळवायचा बेत सोडा, इथे शिकूनच शिरा. एमपीएचचा विषयही विचार करून निवडा: साध्या एमपीएचला वर्षभराची ओपीटी (शिक्षणानंतर नोकरी करायची परवानगी), एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्स असेल तर तिला आणखी २४ महिने जोडता येतात. पॉलिसीचे कोर्स त्यातही घेता येतात. मी साधं एमपीएच केलं आणि बारा महिने नखं खात काढले.

पगाराबद्दल विचारायला लाजू नका. वॉशिंग्टन डीसीत ३० जून २०२४ पासून जाहिरातीतच किमान आणि कमाल पगार लिहावा लागतो, आणि वरच्या पदांचे पगार संस्थेच्या फॉर्म ९९० मध्ये (वार्षिक कर विवरणपत्रात) कुणालाही बघता येतात. त्याच फॉर्ममध्ये संस्थेचं उत्पन्न किती जणांच्या भरवशावर आहे याचाही अंदाज येतो. तो जरूर बघा. आमची एक मोठी ग्रँट संपली तेव्हा शुक्रवारी दुपारी तीन जणांना निरोप दिला, त्यांतली एक एच-१बीवर होती. नोकरी गेली की नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. निरोपाच्या मेलमध्ये या साठ दिवसांचा उल्लेखही नव्हता. वरिष्ठांच्या लक्षातच आलं नाही, आणि मला ते अजून खटकतं.

राहिले तुमचे यजमान. तुम्ही विद्यार्थी असेपर्यंत एफ-२ या जोडीदाराच्या व्हिसावर त्यांना कुठलंच काम करता येणार नाही. पुढे एच-४ वरही (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरही) कामाचा परवाना मिळतो तो सहसा तुमच्या ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाल्यावरच, आणि तो कधी दाखल करायचा हे संस्थेच्या हातात. आमच्याकडे मला त्यासाठी चार वर्षं थांबावं लागलं. म्हणून ऑफर हातात आली की पगाराच्या आधी हे विचारा: ग्रीन कार्डाची प्रक्रिया कितव्या वर्षी सुरू करता? उत्तर तोंडी घेऊ नका, मेलवर घ्या.