हक्कसोडीवर सही करण्याआधी

चोपडा तालुक्यातल्या एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिकेचं पत्र आहे. वय ६७. यजमानांना पॅरालिसिस झाला, चौदा महिने ते अंथरुणाला खिळून होते, आषाढात गेले. दवाखाना, औषधं, फिजिओथेरपी, डायपर धरून साडेसहा लाख खर्च झाले. बाहेरची बाई ठेवली नाही, सगळं स्वतः केलं. पेन्शन ३१ हजार, घरखर्च १८ हजार. मोठा मुलगा पुण्याला, धाकटा जवळ राहून केळी पाहतो, मुलगी नाशिकला दिलेली. हाताशी २२ लाख आहेत: १३ लाख बँकेत, ६ लाख गावातल्या पतसंस्थेत साडेदहा टक्क्यांनी, आणि ३ लाख बँकेतल्या साहेबांनी 'एका योजनेत' घातलेले. प्रश्न असा की बारा टक्के देणारी सुरक्षित जागा सांगा, म्हणजे महिन्याला पंधरा हजार सुटतील.

पत्राच्या शेवटी त्या लिहितात: 'दसरा झाला की शेताचं आणि घराचं हक्कसोड करून देणार आहे, मुलगीही सही करते म्हणाली. मला आता काय लागतं? रात्री दोनला जाग येते, यांची कूस बदलायची वेळ झाली असं वाटतं. मग उजाडेपर्यंत पासबुकं काढून बसते. माझी शुगर बघायची राहूनच गेली, चार महिने झाले.'

ताई, बारा टक्के आणि सुरक्षित असं काही नसतं. तसं सांगणाऱ्या कोणाच्याही कागदावर सही करू नका. आणि तुम्हाला पंधरा हजार लागतात तरी कुठे? पेन्शनमधून महिन्याला १३ हजार आत्ताच शिल्लक पडतात, महागाई भत्त्याने पेन्शन वाढतही जाते. उत्पन्नाची अडचण तुम्हाला नाहीच.

तो ३ लाखांच्या 'योजनेचा', म्हणजे विमा पॉलिसीचा, कागद मात्र आज बाहेर काढा, कारण तिथे दिवस मोजके आहेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिल्याच पानावर आहे: हप्ता वार्षिक, भरण्याची मुदत १० वर्षे. तुम्हाला सांगितलं 'एकदाच भरायचे'. म्हणजे एकूण ३० लाख, वयाच्या ७६ व्या वर्षापर्यंत. तेवढे तुमच्याकडे नाहीत. दुखवट्याला म्हणून घरी आलेला माणूस आठ दिवसांनी टॅबवर सही घेतो, ओटीपी विचारून घेतो आणि 'कंपनीचा फोन आला की सगळ्याला हो म्हणा' असं शिकवून जातो, ही सरळ फसवणूक आहे. मला याचा मनापासून संताप येतो. विमा कमावत्या माणसाच्या मागे राहणाऱ्यांसाठी असतो, तुमच्या कमाईवर आज कोणी अवलंबून नाही. अशा योजनांचा हिशेब मांडला तर हाती पाच-सहा टक्केच पडतात.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तुमचे १२ दिवस गेले, १८ उरले. कंपनीच्या नावे साधा अर्ज लिहा की पॉलिसी नको आहे, एकदाच भरायचे असं सांगून विकली. शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. मुद्रांक, झाली असेल तर वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम मिळते. ते साहेब पुन्हा घरी येऊन गळ घालतील, ऐकू नका. कंपनीने नाही म्हटलं किंवा लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही.

आता तुम्ही जे विचारलंच नाही त्याकडे येतो. २२ लाखांपेक्षा मोठा निर्णय तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकला आहे.

तलाठ्याकडे वारस लावणं आणि हक्कसोड करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे ती एका दमात बोलली जातात, म्हणून घोटाळा होतो. वारस नोंद करायलाच हवी, ती लांबवू नका. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज केला, फेरफार मंजूर झाला, की सातबाऱ्यावर तुमचं आणि तिन्ही मुलांचं नाव लागतं. काम तिथे संपतं. हक्कसोड म्हणजे दुय्यम निबंधकासमोर स्वतःचा हिस्सा कायमचा सोडून देणं. त्याची सक्ती नाही आणि दसऱ्याचीच काय, कुठलीच मुदत नाही. मालमत्ता यजमानांच्या स्वकष्टाची असेल आणि सासूबाई हयात नसतील, तर तुम्ही आणि तीन मुलं, चौघांचा वाटा सारखा. घर आणि शेत दोन्हींत पाव हिस्सा तुमचा. वडिलोपार्जित असेल तर आकडा बदलेल, पण तुमचा हिस्सा राहीलच.

धाकटा चांगला आहे असं तुम्ही लिहिता, मी ते मानतो. पण कागद माणसाच्या स्वभावावर चालत नाही. वादळात बाग आडवी झाली, भाव पडला, शेतावर कर्जाचा बोजा चढला, किंवा देव न करो त्यालाच काही झालं, तर त्या घराचं काय करायचं हे ठरवताना तुमची सही कोणी मागणार नाही. हक्कसोडपत्राच्या नेहमीच्या मसुद्यात 'राजीखुशीने, विनामोबदला' असं असतं, आईला सांभाळण्याची अट नसते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ खाली असा व्यवहार रद्द करून घेता येतो, पण सांभाळण्याची अट दाखवता आली नाही की प्रकरण तिथेच अडू शकतं. निर्वाहभत्ता मंजूर झाला तरी त्याची कमाल मर्यादा महिन्याला १० हजार. आणि स्वतःच्या मुलाविरुद्ध अर्ज घेऊन प्रांताच्या कचेरीत कोणती आई जाते?

मुलांना द्यायचंच आहे तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. हवं तेव्हा बदलता येतं आणि तुम्ही आहात तोवर तुमचं ते तुमचंच राहतं. मुलीलाही सांगा की घाईने सही करू नको.

'मला आता काय लागतं?' याचंही उत्तर आकड्यांत देतो. यजमानांच्या आजारपणात रोख साडेसहा लाख गेले. त्यात तुमची मेहनत धरलेली नाही. दिवसाला एक आणि रात्रीला एक बाई ठेवली असती तर प्रत्येकी १५ हजार म्हणजे महिन्याला ३० हजार, चौदा महिन्यांचे सव्वाचार लाखांच्या आसपास. खरा खर्च ११ लाखांच्या घरात जातो. त्यांना तुम्ही होतात. तुमच्या वेळी हे काम पगारी माणसाकडूनच करून घ्यावं लागेल. सहा टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. तुम्ही ७९ च्या असाल तेव्हा तेच आजारपण २२ लाखांचं असेल. आज हाताशी आहे ती सगळी रक्कम एवढीच आहे. सेवेला घरी ठेवलेल्या बाईचा पगार आरोग्य विमाही सहसा देत नाही.

आरोग्य विम्याचं म्हणाल तर बीपी-शुगर न लपवता दोन ठिकाणी हप्ता विचारा. वर्षाला ४० हजारांच्या पुढे सांगितला तर सोडून द्या. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि तीन वर्षांनी तुम्ही सत्तरीच्या व्हाल. सत्तरीनंतर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तोवर महात्मा फुले योजना आहे, पण ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांसाठीच, म्हणून हाताशी रोकड हवी.

हे सगळं ज्या रात्रींमध्ये ठरलं त्यांचं मला जास्त वाटतं. चौदा महिने रात्री दोनला उठून तुम्ही एका जड देहाची कूस बदललीत, पाठीला जखम होऊ नये म्हणून. ते शरीर आता तिथे नाही, पण तुमचं शरीर अजून त्याच वेळी उठतं. यात वेडेपणा काही नाही, पण त्या वेळी पासबुकं उघडून केलेला विचार दिवसाच्या विचारासारखा नसतो. बारा टक्क्यांची आस तिथलीच आणि हक्कसोडही तिथलंच, असं मला वाटतं. पासबुकं कपाटात ठेवा, चावी मुलीकडे दिलीत तरी चालेल. वर्षश्राद्ध होईपर्यंत जे परत फिरवता येत नाही असं काहीही करायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

या आठवड्यात शुगर तपासा आणि झोपेचं डॉक्टरांना सांगा. बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. शिल्लक पडणाऱ्या १३ हजारांतले चार-पाच हजार स्वयंपाकाला आणि सोबतीला बाई ठेवण्यात घाला. ही उधळपट्टी नाही, ताई. चौदा महिने माणूस उचललेल्या कंबरेला आता विश्रांती हवी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हा एकट्या जाऊ नका, बरोबरच्या निवृत्त बाईंना घेऊन जा, येताना त्यांच्याकडे तासभर थांबा.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. पतसंस्थेतले ६ लाख काढा, मुदत संपायची वाट पाहू नका, व्याज कापलं तरी चालेल. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं. जळगाव जिल्ह्यात किती म्हाताऱ्यांचे पैसे असे अडकले हे तुम्ही पाहिलं आहे. पोस्टापेक्षा वर्षाला १४ हजारांच्या जास्तीच्या व्याजासाठी ६ लाख पणाला लावायचे नाहीत. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १२ लाख ठेवा. सध्या ८.२ टक्के आहे, दर तिमाहीला २४,६०० रुपये येतील. पाच वर्षांची मुदत आहे, पण अडचण आली तर वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापून मोडता येते. ५ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत वेगळ्या ठेवीत, फक्त तुमच्या आजारपणासाठी. उरलेले ५ लाख, ज्यात पॉलिसीचे परत आलेले ३ असतील, वर्षभराच्या ठेवीत राहू द्या. त्यांचं काय करायचं ते पुढच्या आषाढानंतर बघू.

आणि तुमच्या स्वतःच्या खात्यांवर, पेन्शनच्या खात्यासकट, नॉमिनी म्हणून अजून यजमानांचंच नाव असणार. पॉलिसीचा अर्ज द्यायला जाल त्याच फेरीत ते बदलून घ्या.