वादळे किती आली, यापेक्षा एकाच छपरावर किती आली?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : अटलांटिक महासागरात एखाद्या वर्षी नेहमीपेक्षा बरीच जास्त हरिकेन्स झाली, तर किनाऱ्यावरच्या माणसांना त्याचा नेमका काय फरक पडतो? प्रत्येक वादळ वेगळ्या गावावर जाणार, एका गावाच्या वाट्याला फार तर एक येणार. मग हंगामातल्या एकूण संख्येचा एवढा गाजावाजा कशासाठी?

मी सिव्हिल इंजिनियर असून गेली चौदा वर्षे ह्यूस्टनमध्ये राहतो, आणि वादळानंतर विम्याच्या दाव्यांसाठी घरांची पाहणी करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. विमा सर्व्हेअरला जिथे निर्णय करता येत नाही, तिथे बांधकामाचा जाणकार म्हणून आम्हाला पाठवतात. त्या अनुभवावरून सांगतो की आपली शंका अर्धी रास्त आहे. १९९२ साली अटलांटिकमध्ये अवघ्या सहा वादळांना नावे मिळाली होती. हंगाम अगदी थंडा म्हणावा असा. परंतु त्यातले पहिलेच वादळ, अँड्र्यू, २४ ऑगस्टला पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे होऊन दक्षिण फ्लोरिडावर आदळले आणि होमस्टेड व आसपासच्या वस्त्या त्याने भुईसपाट केल्या. त्या वर्षी वादळे कमी होती, हे होमस्टेडच्या माणसाला सांगून काय उपयोग?

चूक आहे ती दुसऱ्या अर्ध्यात. वादळे गावागावांत वाटून दिली जात नाहीत. हरिकेन (आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो तेच, महासागर बदलला की नाव बदलते) स्वतःच्या मर्जीने फारसे चालत नाही. वरच्या थरांतले वारे आणि अटलांटिकवर ठाण मांडून बसलेला उच्च दाबाचा पट्टा त्याला ढकलत नेतात, आणि ही रचना पुष्कळदा आठवडेच्या आठवडे फारशी बदलत नाही. त्यामुळे एका हंगामात एक वादळ ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने दुसरे जाण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून बरीच जास्त असते. वादळे जितकी अधिक, तितका हा धोका वाढत जातो. संख्येचे महत्त्व माझ्या मते एवढ्यासाठीच आहे, आणि २०२० साली ते मला जवळून पाहायला मिळाले.

१ जून ते ३० नोव्हेंबर या हंगामात सरासरी १४ नावांची वादळे होतात. त्या वर्षी ३० झाली. प्रशांत महासागरात ला निना (विषुववृत्ताजवळचे तिथले पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याची स्थिती) असल्यामुळे अटलांटिकवर वादळाची उभी रचना मोडून टाकणारे वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांचे फरक कमी होते आणि अटलांटिकचे पाणीही नेहमीपेक्षा उबदार होते. वादळाला याहून अधिक काही लागत नाही. वर्षासाठी ठरवलेली २१ नावे १८ सप्टेंबरलाच संपली आणि पुढच्या वादळांना अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरे द्यावी लागली. झीटा, ईटा, थीटा ही नावे रेडिओवर ऐकताना कोणते वादळ कुठे आहे, हे कळणे अवघड जात असे. पुढच्या वर्षी जागतिक हवामान संघटनेने ही पद्धत बंदच केली, ते योग्यच झाले.

एकट्या लुइझियाना राज्यावर त्या हंगामात पाच वादळे आली. त्यांतले लॉरा २७ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर कॅमेरॉनजवळ ताशी सुमारे २४० किलोमीटरच्या वाऱ्यांसह किनाऱ्यावर चढले. लेक चार्ल्स हे शहर तिथून सुमारे ५० किलोमीटर आत आहे. तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे कारखाने, कॅसिनो आणि लाकडी सांगाड्यांची बैठी घरे असलेले. किनाऱ्यावर आलेली समुद्राची लाट भयंकर होती, तथापि लोक वेळीच बाहेर पडले होते. करोनाचे दिवस असल्याने राज्याने हजारो लोकांना मोठ्या निवाऱ्यांत न ठेवता हॉटेलांच्या खोल्यांत ठेवले होते. पुढे जे मृत्यू झाले, त्यांतले अनेक वाऱ्यापाण्याने झालेच नाहीत. वीज नसलेल्या घरांत आत किंवा दाराशी लावलेल्या जनरेटरच्या विषारी वायूने माणसे झोपेतच गेली.

मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे पोहोचलो. शहराला वीज आणणाऱ्या उच्चदाब वाहिन्याच पडलेल्या असल्यामुळे दिवे कधी येतील हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि राहण्यास खोली मिळत नव्हती. म्हणून पहाटे चारला ह्यूस्टनहून निघायचे, सव्वादोनशे किलोमीटर गाडी चालवायची, पाणी आणि पेट्रोल सोबत न्यायचे, आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे, असा क्रम होता. प्रत्येक घरासमोर रस्त्याच्या कडेला भिजलेले गालिचे, जिप्समच्या फळ्या आणि छतातून काढलेल्या गुलाबी, उष्णता अडवणाऱ्या लोकरीचे ढीग होते, आणि त्या ढिगांत चिकटपट्टीने गुंडाळलेले फ्रिज उभे होते. आठवडाभर बंद राहिलेला फ्रिज उघडायचा नसतो, तसाच टाकायचा असतो, हे पहिल्याच दिवशी नाकाने शिकवले. वर पाहावे तिकडे छपरांवर निळी ताडपत्री.

त्यातले एक घर सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेचे होते. बैठकीच्या खोलीच्या छतावर ओलीचा मोठा डाग होता आणि त्या बाईंनी शिडीवर चढून त्या डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ काढून तिथे तारीख लिहिली होती. चार दिवसांनी डाग वाढला तेव्हा दुसरी रेघ, दुसरी तारीख. इतकी चोख नोंद मला नावाजलेल्या कंत्राटदारांकडेही क्वचितच मिळाली आहे. मी फोटो घेतले, ओलावा मोजला, छपराखालच्या फळ्या बदलाव्या लागतील असे लिहिले आणि अहवाल पाठवला. ताडपत्री नीट ठोकलेली होती. छप्पर घालणारा कारागीर डिसेंबरपूर्वी मिळणार नव्हता, कारण सगळ्या शहराला तेच कारागीर हवे होते.

९ ऑक्टोबरला डेल्टा आले. लॉरा जिथे किनाऱ्यावर चढले होते, तिथून जेमतेम २० किलोमीटरवर. वाऱ्याचा जोर लॉराच्या मानाने खूपच कमी होता, आणि लेक चार्ल्समधल्या घरांची छपरे जागेवर असती तर डेल्टाची आठवण आज फारशी कोणी काढली नसती. पण छपरे जागेवर नव्हती, ताडपत्री होती, आणि ती वाऱ्याने उचलली. पाऊस सरळ घरात. रस्त्याकडेचे ढीग पुन्हा रस्त्यावर आणि नाल्यांत पसरले, त्यामुळे पाणी तुंबले ते वेगळेच. वादळाची श्रेणी फक्त वाऱ्यावरून ठरते. खालचे घर धड आहे की अर्धे उघडे, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही.

आता विम्याचा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण ‘अमेरिकेत काय, सगळ्यांचा विमा असतो’ हे वाक्य मी आपल्याकडे फार ऐकले आहे. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराचे पाणी धरलेले नसते. त्यासाठी सरकारी योजनेची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. हरिकेनच्या नुकसानीत मालकाने स्वतः सोसायचा हिस्सा ठरावीक रकमेचा नसून बहुधा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असतो, दोन किंवा पाच टक्के. म्हणजे दोन लाख डॉलरच्या घराला चार ते दहा हजार डॉलर आधी खिशातून जाणार. लुइझियानात हा हिस्सा वर्षातून एकदाच लागतो, एवढा दिलासा आहे. परंतु दावे मात्र दोन. लॉराची फाइल वेगळी, डेल्टाची वेगळी, क्रमांक वेगळे, सर्व्हेअर वेगळे. आणि छत एकच! लॉराची फाइल पाहणारा म्हणतो की हे नुकसान डेल्टाचे दिसते; डेल्टाची फाइल पाहणारा म्हणतो की छप्पर आधीच गेलेले होते. दोघांचेही म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खोटे नसते. मग त्या भांडणाचा निवाडा करायला आमच्यासारख्याला पुन्हा त्याच घरी पाठवतात.

त्या बाईंच्या छतावर आता ९ ऑक्टोबरनंतरची तिसरी रेघ होती, पहिल्या दोन्हींना पोटात घेणारी. पण मधल्या भागाचा जिप्सम कोसळून खाली आला होता, म्हणजे पुराव्यातला बराचसा भाग गालिच्यावर पडला होता. पहिल्या दाव्याचा चेक तोवर आलेला होता, परंतु तो त्यांच्या आणि गृहकर्ज देणाऱ्या बँकेच्या संयुक्त नावाने होता. बँकेची सही झाल्याशिवाय तो वटणार नव्हता, आणि बँक पैसे काम जसजसे होईल तसतसे हप्त्याने देणार होती. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम हवी, बँकेला आधी काम झालेले हवे. या दोन अटींच्या मध्ये ताडपत्रीखाली किती महिने गेले असतील, त्याचा हिशेब कोणत्याच अहवालात येत नाही.

भाडेकरूंच्या हाती तर फाइलही नव्हती. मालकाने दुरुस्ती करेपर्यंत घर बंद, आणि मालक विम्याची वाट पाहत बसलेला. माणसे ह्यूस्टनकडे, बॅटन रूजकडे गेली ती गेलीच. जनगणना विभागाच्या आकड्यांनुसार जुलै २०२० ते जुलै २०२१ या वर्षात लेक चार्ल्स महानगर क्षेत्राची लोकसंख्या ५ टक्क्यांहून अधिक घटली. देशातल्या कोणत्याही महानगर क्षेत्राची टक्केवारीने एवढी घट त्या वर्षी झाली नव्हती. शिवाय फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत नळ फुटले, आणि १७ मे रोजी काही तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून ज्यांनी नुकत्याच भिंती लावल्या होत्या त्यांच्याही घरांत पाणी शिरले. महापौर निक हंटर वॉशिंग्टनकडे मदत मागत राहिले. पुनर्बांधणीसाठीच्या विशेष निधीला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने मंजुरी दिली ती सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस, लॉरानंतर तेरा महिन्यांनी. वाऱ्याने खिडक्या फुटलेली शहरातली २२ मजली इमारत चार वर्षे तशीच रिकामी उभी राहिली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती सुरुंग लावून पाडण्यात आली.

हे सारे श्रीमंत देशातले. नोव्हेंबरमध्ये लेक चार्ल्समधल्या एका छपरावर काम करणारा होंडुरासचा एक कारागीर जेवणाच्या सुट्टीत मला फोनवर एक चित्रफीत दाखवत होता. ला लिमा हे त्याचे गाव, सान पेद्रो सुलाजवळ, आणि त्यात घरांची फक्त छपरे दिसत होती. ३ नोव्हेंबरला ईटा निकाराग्वाच्या किनाऱ्यावर चौथ्या श्रेणीचे होऊन आदळले होते आणि बरोबर तेरा दिवसांनी आयोटा, तेही चौथ्या श्रेणीचे, त्याच किनाऱ्यावर सुमारे २५ किलोमीटर दक्षिणेला. दोन्हींचा पाऊस होंडुरासच्या सुला खोऱ्यात उलुआ आणि चामेलेकोन या नद्यांना मिळाला. पहिल्या पुराचा चिखल उपसत असताना दुसरा पूर आला; केळीच्या बागा गेल्या, विमानतळ बुडाला, कुटुंबे उंच रस्त्यांवर आणि पुलांखाली प्लॅस्टिकच्या आडोशात राहू लागली. तिथल्या बहुतेकांकडे विमा नव्हता, तेव्हा कोणत्या वादळाने काय नेले, हा प्रश्नच उद्भवला नाही. जानेवारीत सान पेद्रो सुलाहून हजारो माणसे पायी उत्तरेकडे निघाली. त्या कारागिराने जेवण संपवले आणि तो पुन्हा शिडी चढला. दुसऱ्याचे छप्पर घालून मिळणारी मजुरी त्याला घरी पाठवायची होती.

आपण कोकणातले असाल तर हे सगळे फार दूरचे वाटणार नाही. माझे आजोळ दिवेआगरचे आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, आणि उभे राहिलेले थोडे सावरते न सावरते तोच पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. मामा फोनवर एवढेच म्हणाला होता, “पहिल्याने झाडं नेली, दुसऱ्याने हौस.”

शेवटी पैशाकडे पुन्हा येतो, कारण हंगामाची संख्या सर्वांत उशिरा तिथे दिसते. २०२० ची वादळे आणि २०२१ चे आयडा यांच्या दाव्यांखाली लुइझियानातल्या जवळजवळ डझनभर विमा कंपन्या बुडाल्या आणि काहींनी राज्य सोडले. ज्यांना कुठेच पॉलिसी मिळत नाही, त्यांच्यासाठी राज्याची स्वतःची विमा संस्था आहे. तिने २०२३ साली हप्ते सरासरी ६३ टक्क्यांनी वाढवले. ज्यांच्या घराची एक कौलही हलली नव्हती, त्यांनाही ते भरावे लागले. एका गावाचा हंगाम अशा रीतीने सगळ्या राज्याच्या बिलात उतरतो.

त्या शिक्षिकाबाईंची कंपनीही बुडालेल्यांपैकीच एक. डेल्टाचा दावा तोवर मिटलेला नव्हता; फाइल बुडालेल्या कंपन्यांचे दावे पाहणाऱ्या राज्याच्या हमी संस्थेकडे गेली आणि नव्या सर्व्हेअरने ती पहिल्या पानापासून सुरू केली. त्याने मला फोन केला तेव्हा त्या छताला नवे जिप्सम लागून रंगही झालेला होता, त्यामुळे पाहण्यासारखे तिथे काही उरले नव्हते. सप्टेंबर २०२० मधले फोटो आहेत का, असे त्याने विचारले. होते, पेन्सिलच्या रेघा आणि त्यांच्या शेजारच्या तारखा वाचता येतील अशा मोठ्या आकारात मी ते त्याच संध्याकाळी पाठवून दिले.