क्वेकर शाळेतल्या चिंतनाच्या दिवशी मुलांना ख्रिस्ती प्रार्थना म्हणावी लागते का?

सहसा नाही, तुमच्या सहावीतल्या मुलीला फक्त सगळ्यांसोबत शांत बसावं लागेल. माझा मुलगा फिलाडेल्फियाजवळच्या अशाच शाळेत तीन वर्षं होता, त्यावरून सांगते. १७व्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची धारणा अशी की प्रत्येकाच्या आत ईश्वरी प्रकाश असतो, म्हणून मध्ये पुरोहित लागत नाही. मुलं-शिक्षक बाकांवर गप्प बसतात. कुणाला आतून काही सुचलं तर उभं राहून दोन वाक्यं बोलायची, की पुन्हा शांतता. शेवटी शेजाऱ्याशी हस्तांदोलन. सुरुवातीला मुलं चुळबुळतात, बुटाच्या नाड्या सोडतात-बांधतात, आणि कुणी रागावत नाही, हे मला फार आवडलं. आधी एखादा प्रश्न दिलेला असतो, उदाहरणार्थ 'या आठवड्यात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही?' मग त्यावरच चित्र, कविता, मातीकाम. हिंदू घरातल्या मुलीला यात अवघडल्यासारखं होऊ नये. मात्र क्वेकरांच्या काही शाखांमध्ये पाद्री, प्रवचन आणि भजनंही असतात, तेव्हा 'उपासना मौन असते की ठरलेल्या कार्यक्रमाची?' एवढं प्रवेशाआधी शाळेला नक्की विचारा.