वायरलेस कीबोर्ड-माउस घेतला तर सारखे सेल बदलत बसावं लागतं का? बॅटरी खरंच किती टिकते?

तुम्ही विचारलंय की वायरवाला सेट चांगला चाललाय तर वायरलेसच्या नादी लागावं का, की सेलची नवी कटकट मागे लागेल. मी रोज आठ-नऊ तास कॉम्प्युटरवर असतो आणि गेली सात वर्षं दोन्ही वायरलेसच वापरतोय, तर अनुभवावरून सांगतो. कीबोर्डची काळजी अजिबात करू नका, विचार करायचाय तो माउसचा.

कीबोर्ड फक्त बटण दाबलं की तेवढाच सिग्नल पाठवतो, बाकी वेळ झोपलेला असतो. लॉजिटेकचा के२७० घ्या, दोन बारीक पेन्सिल सेलवर (एएए) 24 महिने असं कंपनी सांगते. माझा वेगळा आहे पण तोही दीड-पावणेदोन वर्षं आरामात जातो, शेवटचे सेल कधी बदलले तेही आठवत नाही. फक्त बॅकलाइटवाला घेऊ नका, की घेतलात तर लाइट बंद ठेवा. बटणांखालचा तो उजेड टायपिंगपेक्षा कितीतरी जास्त बॅटरी खातो आणि मग महिन्यांचा हिशोब दिवसांवर येतो.

माउसचं तसं नसतं. त्याच्या पोटात एक छोटा कॅमेराच असतो म्हणा ना, खाली उजेड पाडून सेकंदाला हजारो वेळा टेबलाचा फोटो घेतो आणि त्यावरून आपण हात किती सरकवला ते काढतो, म्हणजे हात हलतोय तोवर खर्च चालूच. त्यात गेमिंगचा असेल तर साधा माउस सेकंदाला सव्वाशे वेळा आपली जागा कळवतो तिथे हा हजार वेळा कळवतो. ऑफिसच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही, सेटिंगमध्ये कमी करून टाका, बॅटरी लगेच वाढलेली कळेल.

आता सेलवाला की चार्जिंगवाला? माझं मत सेलवाला, तोही जाड पेन्सिल सेलचा (एए), कारण बारीकपेक्षा त्यात दुपटीहून जास्त दम असतो. चार्जिंगवाल्यात एमएक्स मास्टरसारखे चांगले माउस आहेत, फुल चार्जवर 70 दिवस आणि मिनिटभर लावला तरी तीन तास, शिवाय चार्ज होताना वापरताही येतो. पण अॅपलच्या मॅजिक माउसचं चार्जिंगचं भोक 2015 पासून खालच्या बाजूला आहे, चार्जिंगला लावला की उताणा पडून राहतो, काम बंद. आणि आतली बॅटरी चार-पाच वर्षांनी दमली की सहज बदलताही येत नाही, सेलवाल्यात दोन सेल ड्रॉवरमध्ये ठेवले की विषय संपला.

चार्जेबल सेल जरूर वापरा, मी तेच वापरतो. एकच लक्षात ठेवा, साधा सेल 1.5 व्होल्टचा आणि हा 1.2 चा, त्यामुळे स्क्रीनवर "बॅटरी लो" लवकर दिसतं, तरी माउस पुढे बरेच दिवस चालत राहतो. खरी खूण म्हणजे कर्सर अडखळायला लागतो, क्लिक केलेलं एखादं लागत नाही. तेव्हा बदला.

पण कर्सर अडखळला की दर वेळी सेलच गेलाय असं नाही हां! मी एकदा एका आठवड्यात दोनदा नवे सेल घातले तरी तेच, आणि शेवटी दोष निघाला डोंगलचा, म्हणजे माउसचा सिग्नल पकडायला कॉम्प्युटरच्या यूएसबीत लावतो त्या छोट्या तुकड्याचा. डोंगल लावलेला निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये आणि शेजारीच हार्ड डिस्क. यूएसबी ३ चालू असताना जो गोंगाट निघतो तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, डोंगलही तिथेच बोलतो. छोट्या एक्स्टेंशन वायरने डोंगल पुढे टेबलावर आणून ठेवला, तेव्हापासून एकदाही अडखळला नाही.

अजून एक, हे मात्र मनावर घ्या. सेट महिना-दोन महिने वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा. माझा एक चांगला कीबोर्ड असाच गेला, कपाटात ठेवलेला, झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरी बुरशी आल्यासारखं आणि पत्र्याला हिरवट थर. सेल फुटून आतलं बाहेर आलेलं. व्हिनेगरमध्ये कापसाची काडी बुडवून घासलं, थोडं निघालंही, पण पत्रा इतका खाल्ला गेला होता की हात लावताच तुटला.

ब्लूटूथवाला घेताय तर एक वायरवाला कीबोर्ड टाकून देऊ नका, बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जायची वेळ आली तर ब्लूटूथवाला बहुतेक वेळा चालत नाही कारण विंडोज चालू झाल्याशिवाय तो जोडलाच जात नाही. डोंगलवाल्याला ही अडचण सहसा येत नाही, कॉम्प्युटरला तो साधा यूएसबी कीबोर्डच वाटतो.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर डोंगलवाला सेट, कीबोर्ड बिनलाइटचा, माउस जाड सेलचा आणि सोबत चार चार्जेबल सेल घेतले असते. टेबल एकदा मोकळं झालं ना, कप सरकवताना वायर मध्ये येत नाही, कीबोर्ड उचलून बाजूला ठेवला की वहीत लिहायला जागा होते, मला तरी परत वायरवर जावंसं वाटलं नाही. गेमिंग करत असाल तर तसं कमेंटमध्ये सांगा, त्यासाठी माउस वेगळा सुचवेन.